अठरा आटे, एकोणीस आटे

हिराजी, तू असतास तर परवा माझ्याशी कडाडून भांडला असतास. मी तुझा शब्द मोडला. चार वर्षं मूग गिळून बसलो होतो, आणि तू गेल्यावर सतराव्या दिवशी तोंड उघडलं. तेही दगडू ड्रायव्हरसमोर. ज्याला काही झालं तरी सांगायचं नाही म्हणून तू मला बजावलं होतंस, नेमकं त्याच्याच समोर. ते कसं झालं, हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून लिहायला बसलोय. लिहिलेलं वाचायचा तुला कंटाळा. "कारकुना, तोंडानं सांग," म्हणायचास. आता तोंडानं सांगायची सोय तू ठेवली नाहीस.

नऊ दिवसांच्या तापात माणूस जातो, हे मला अजून पटत नाही. तू तर सबंध आयुष्य मिठागरात आणि लोखंडात काढलेलं. ज्या दिवशी तुला नेलं त्या दिवशी तुझ्या गावची सगळी माणसं होती, ठाण्या-कल्याणचे गाडीवाले होते, आणि मी एका बाजूला तुझ्यावर रागावून उभा होतो. रडू नंतर आलं. आधी रागच आला, की आपलं एवढं मोठं भांडण अर्धवट टाकून हा निघालाच कसा.

आपली सुरुवातही भांडणानंच झाली होती, आठवतं? कल्याणच्या मिलिटरी डेपोत मी स्टोअरचा कारकून, तू फिटर. लढाई संपलेली, आणि मैदानात हजारो गाड्या उभ्या. अमेरिकन, विलायती, कॅनडाच्या. माझ्याकडे सगळ्या सुट्या भागांचे नंबर लिहिलेली जाड पुस्तकं होती आणि त्यांचा मला फार अभिमान. तू ब्रेकचा पाईप मागितलास, मी नंबर बघून काढून दिला. तू त्याच्या तोंडावरून नख फिरवलंस आणि परत माझ्या टेबलावर ठेवलास.

"नंबर बरोबर हाय. पाईप चुकीचा हाय."

मी तुला दहा मिनिटं पुस्तकातलं पान दाखवत होतो. तू शांतपणे विडी ओढत होतास. शेवटी दुसऱ्या फिटरला बोलावून बघितलं तर खरंच कुणीतरी चिठ्ठ्यांची अदलाबदल केलेली. मी खजील झालो आणि त्यामुळे आणखीच चिडलो. तू म्हणालास, "कारकुना, बोटानं बग. डोलं खोटं बोलतान." त्या दिवसापासून माझं नाव कारकून पडलं ते पडलंच. डेपो बंद झाला, नोकरी गेली, साहेब आपल्या देशी परत गेला, तरी मी तुझ्यासाठी कारकूनच राहिलो.

दुकान काढायची कल्पना तुझी. मी घाबरट, मला सरकारी नोकरी हवी होती. तू मला डोंबिवलीला घरी येऊन समजावलंस. लष्करानं काढून टाकलेल्या डिस्पोजलच्या गाड्या लोक लिलावात घेतायत, म्हणालास. तीन मेलेल्या गाड्यांची मिळून एक जिवंत करतायत. पुढचा भाग अमेरिकेचा, मागचा आस विलायतचा, आणि ब्रेकचा जोर वाढवणारा डबा भलत्याच गाडीचा. या सगळ्यांत तेल नेणारा पाईप कोण जुळवणार? माझी आई आतून ऐकत होती. तिला ब्रेकमधलं काही कळत नव्हतं, पण ती म्हणाली, "हा माणूस खोटं बोलत नाही, जा." टेंभी नाक्याजवळच्या गल्लीत पत्र्याची शेड घेतली. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत आपण पाईप जोडायची निपल, युनियन, सॉकेट भरून ठेवली, आणि मी प्रत्येक डब्यावर सुंदर अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. तू त्या कधी वाचल्या नाहीस.

ज्यानं हे काम केलं नाही त्याला वाटतं, पाईपला पाईप जोडायचा, त्यात काय मोठंसं. त्यांना मी नेहमी एकच गोष्ट सांगतो. अमेरिकन निपलला एका इंचात अठरा आटे. विलायती निपलला त्याच मापात एकोणीस. जाडी डोळ्याला सारखीच दिसते. एकाचं निपल दुसऱ्याच्या भोकात घातलं तर दोन-अडीच फेरे लोण्यासारखं आत जातं. मग अडतं. आणि इथेच माणूस फसतो. त्याला वाटतं, घट्ट बसलं. पाना घेऊन जोर लावला की आणखी एक फेरा जातो, पण आतले आटे चिरडलेले असतात. वरून काही दिसत नाही. तेलही गळत नाही. ड्रायव्हर उतारावर ब्रेकवर उभा राहतो तेव्हाच कळतं.

म्हणून तुझा नियम होता. हातानं चार फेरे. चार फेरे बोटांनी सहज गेले तरच पाना उचलायचा. अडलं तर निपल आपलं नाही, बाजूला ठेवायचं, दुसरं घ्यायचं. कितीही घाईचं गिऱ्हाईक असो. तू ते निपल कानाजवळ नेऊन फिरवायचास, मला वाटायचं नाटक करतोस. आता मीही कानाजवळ नेतो. आवाज खरंच वेगळा येतो रे. पण ते मी तुला कधी कबूल केलं नाही.

आता त्या दिवसाचं.

तुझ्या भाचीची हळद होती. तुझ्या गावात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, तू दोन दिवस येणार नव्हतास. जाताना म्हणालास, "पाईप इक, निपल इक, पन लावू नको कुनाला." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दगडू आला. जुन्नरकडचा माणूस, पारसिकच्या खाणीतून खडी वाहायचा. त्याच्या गाडीच्या ब्रेकच्या डब्याचं निपल गळत होतं. मालक खोळंबलाय म्हणाला, खाणीवर माणसं बसून आहेत म्हणाला. मी म्हटलं, उद्या ये, हिराजी आला की. तो म्हणाला, "भाऊ, एक निपल लावाया त्याच्यावाचून अडतं व्हय तुमचं?"

ते मला झोंबलं. खरं सांगतो, दगडूची घाई नव्हती, माझीच होती. चार वर्षं तुझ्या शेजारी बसून मला वाटायला लागलं होतं की मलाही येतं. दगडू समोर चहाला गेला, आणि मी बिस्किटांच्या डब्यावरची माझीच चिठ्ठी वाचून निपल काढलं. हातानं अडीच फेरे गेले आणि अडलं. मला कळलं होतं, हिराजी. बोटांना कळलं होतं. तरी मी ते काढलं, त्यावर सूत गुंडाळलं, सफेदा लावला, आणि पान्यानं आवळलं. नळकामवाले पाण्याच्या नळाला करतात तसं. दगडूनं येऊन ब्रेक दाबून बघितला, घट्ट लागला. तेलाचा थेंब नाही. तो खूश होऊन गेला आणि मी दिवसभर छाती काढून बसलो.

मुंब्र्याच्या उतारावर आटे सुटले. पेडल सरळ खाली गेलं. दगडूनं डोकं ठेवून गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून रस्त्यावरची माणसं वाचली. त्याचा उजवा पाय गुडघ्यात मोडला. तो जोडला गेला, पण आजही पुरता वाकत नाही.

तू हळदीच्या कपड्यांत तसाच आलास. कपाळावर, दंडावर पिवळं. गाडीखाली सरकून ते निपल काढलंस, नख फिरवलंस आणि माझ्याकडे बघितलंस. मग दवाखान्यात गेलो. दगडू खाटेवर, त्याचा मालक शेजारी उभा. मालकानं विचारलं, कुणी लावलं हे? मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण तुझा आवाज आधी आला.

"माज्या हातनं झाला."

बाहेर आल्यावर मी तुझा हात धरला. हे काय केलंस म्हणून विचारलं. तू म्हणालास, कारकुनानं ब्रेक लावला हे कळलं तर उद्यापासून एक गाडी दारात उभी राहायची नाही. हिराजी एकदा चुकला म्हटलं तर माणसं चार शिव्या देतील आणि परत येतील. मालकाला तू सांगितलंस की ते निपल जाण्याआधी तूच निवडून ठेवलं होतंस, मी फक्त आवळलं; दगडूनंही तेच खरं मानलं. त्यानं पुढे कधी खोदून विचारलं नाही, आपण खरं कधी सांगितलं नाही. तुझा हिशेब चुकला नव्हता. माणसं परत आली. एक दगडू तेवढा आला नाही.

त्यानंतर तू तो नवा नियम काढलास. ब्रेकचा पाईप ज्यानं जुळवला, त्यानं त्या गाडीत बसून मुंब्र्याचा उतार उतरायचा. भरल्या गाडीनं. मगच गाडी सोडायची. मी किती वाद घातला. अर्धा अर्धा दिवस जातो, दुकान मी एकटा कसं सांभाळू, उद्या तुलाच काही झालं तर? तू म्हणायचास, "मंग नीट जुलवाला पायजे." गाडीवाल्यांना आधी गंमत वाटली, मग त्यांनाच सवय झाली. तू ड्रायव्हरच्या डाव्या हाताला ऐटीत बसून नवऱ्यामुलासारखा कळव्याच्या पुलावरून जायचास आणि दुसऱ्या कुठल्या गाडीनं परत यायचास. मला मात्र पुन्हा पाईप लावू दिला नाहीस, आणि मीही मागितलं नाही. शिकवलंस सगळं. डोळ्यांना फडकं बांधून डब्यातली निपल ओळखायला लावलीस, आणि मी वर्षभरात शंभरात शंभर ओळखायला लागलो. पण गाडीखाली तू, गाडीत तू. मला त्यात अपमान वाटला नाही. सुटल्यासारखं वाटलं. हेही तुला कधी बोललो नाही.

दगडू रस्त्यात भेटला की तू थांबायचास आणि तो तोंड फिरवून जायचा. काठी टेकत, मग पुढे काठीशिवाय, पाय ओढत. तो परत गाडी चालवायला लागला तेव्हा तू त्याच्याकडे गेलास, म्हणालास एकदा तुझ्या गाडीत बसू दे. त्यानं तुला सगळ्यांदेखत हाकललं. त्या दिवशी आपलं खरं भांडण झालं. मी म्हणालो, मी जाऊन सांगतो. तू म्हणालास, सांगितलंस तर मी दुकानात पाय ठेवणार नाही. तापात पडला होतास तेव्हाही मी पुन्हा तोच विषय काढला. तू डोळे मिटूनच मान हलवलीस. "आदी दुकान चालव," म्हणालास. माझ्याशी बोललेलं ते तुझं शेवटचं.

तेराव्यानंतर दुकान उघडलं. माणसं येत होती, दारात उभी राहत होती, तुझ्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होती. दोन शब्द हळहळीचे बोलून निघून जात होती. मी त्यांना म्हणायचो, बसा, काय हवंय? ते म्हणायचे, काही नाही, असाच आलो होतो. तीन दिवस हेच. मला वाटलं, संपलं. डबे मोजून भंगारवाल्याला द्यावेत आणि कुठेतरी कारकुनी बघावी.

चौथ्या दिवशी सकाळी दगडूची गाडी येऊन उभी राहिली. त्याचा पाईप चिरला होता. कॅनडाची गाडी, विलायती आस, ब्रेकचा डबा अमेरिकन. कल्याणच्या मिस्त्रीनं हात वर केले, भिवंडीतही कुणाला जुळलं नाही. दुसरीकडे कुठे जायला जागा असती तर तो आला नसता. खाली उतरला, पाय ओढत दुकानाच्या फळीपर्यंत आला आणि तुझ्या स्टुलाकडे बघून म्हणाला, "गेलेल्या मानसाला बोलू न्हाई. पन त्या हातानं माझा पाय खाल्ला, भाऊ. मला इसरता येत न्हाई."

हिराजी, मी दुकान चालवणार होतो. खरंच. तो पाईप मुकाट्यानं जुळवला असता तर एक गिऱ्हाईक परत मिळालं असतं, आणि दगडूची गाडी दारात दिसली असती तर बाकीचेही आले असते. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. पण "त्या हातानं" म्हणाला ना तो. तुझा हात. ज्याच्यातून एवढ्या वर्षांत एक वाकडं निपल गेलं नाही. मला ते ऐकवेना.

मी म्हणालो, "दगडू, त्याचा हात नव्हता तो. माझा होता."

मग सगळं सांगितलं. हळद, अडीच फेरे, सूत, सफेदा. माझ्या बोटांना कळलं होतं हेसुद्धा. दवाखान्यातलंही सांगितलं. बोलताना मी त्याच्या पायाकडे बघत होतो, तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग त्यानं विचारलं, "त्यानं का घेतलं अंगावर?"

"दुकानासाठी, असं म्हणाला. माझ्यासाठी असेल. मला नक्की माहीत नाही."

"आन् तुमी चार वर्सं गप?"

"गप्प."

त्यानं बाहेर जाऊन तोंड धुतलं. परत आला आणि चिरलेला पाईप फळीवर टाकला. "लावा," म्हणाला.

"मी?"

"मंग कोन? तो येनार हाये का?"

दोन तास लागले मला. तुला वीस मिनिटं लागली असती. ब्रेकच्या डब्याच्या बाजूचं निपल तिसऱ्या खेपेला मिळालं. हातानं चार फेरे गेले, मी काढलं, परत चार फेरे घातले, परत काढलं. दगडू बघत होता. मागच्या बाजूला विलायती आटे, मधे जोड लागला. तेल भरलं, चारही चाकांतली हवा काढली. पेडल दगडूनं दाबलं, मी खाली पडून प्रत्येक जोडावर कोरडं फडकं फिरवलं. फडकं कोरडंच राहिलं. तरी मला विश्वास नव्हता. त्या वेळीही तेलाचा थेंब दिसला नव्हता.

दगडूनं डावीकडचं दार उघडलं आणि म्हणाला, "बसा."

खाणीवर खडी भरली. मुंब्र्याच्या उताराच्या तोंडाशी आलो तेव्हा माझे दोन्ही हात समोरच्या पत्र्यावर होते. तू कसा रे ऐटीत बसायचास? दगडूचा तो न वाकणारा पाय तो कमरेतून उचलून पेडलवर ठेवत होता, ते मी पहिल्यांदा जवळून बघितलं. त्यानं पाय ठेवला. गाडी दबली, हळू झाली, उभी राहिली. मधोमध उतारावर, खडीच्या ओझ्यासकट. त्यानं सोडली, पुन्हा दाबली. असं चार वेळा. चौथ्यांदा त्याचा पाय सहज पडला, आणि मी हात पत्र्यावरून काढून मांडीवर ठेवले. मला आनंद झाला होता, हिराजी. तुला जाऊन सतरा दिवस झालेले आणि मला भर रस्त्यात आनंद झाला होता. त्याची लाज नाही वाटली.

खाली सपाटीला आल्यावर दगडूनं गाडी कडेला घेतली. मला वाटलं, आता उतर म्हणेल. तो समोर बघत म्हणाला, "त्याचं घर कुठंशीक हाये?"

तुझ्या गल्लीत गाडी शिरत नाही. बांधावर उभी करून आम्ही चालत गेलो. दगडू पुढे, मी मागे. चांगुणावहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी ओळख करून देणार तोच त्यांनीच विचारलं, "दगडू ना तू?" पायावरून ओळखलं असणार. दगडू उन्हातच उभा राहिला. चार वर्षं शिव्या देणारा माणूस, त्यानं टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, "वैनी, मी तुमच्या मालकाला लई बोललो. सगळ्यांदेखत बोललो. त्याचं काई नव्हतं त्याच्यात."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं, हिराजी. तू त्यांना सांगितलं होतंस. आणि चार वर्षं त्या मला सणासुदीला जेवायला वाढत होत्या, एका शब्दानं काही न बोलता. मी मान खाली घातली.

"आत ये," त्या दगडूला म्हणाल्या. "उनात कशाला उबा?" त्याला मांडी घालता येईना, तर त्यांनी तुझी खाट पुढे ओढली. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण वाढलं. दगडू पहिले चार घास जेवला. मग म्हणाला, "हिराजीनं माझ्या गाडीत बसू दे म्हनून इनवलं होतं. म्या बसू दिलं न्हाई. ते आता ऱ्हायलंच."

वहिनी वाढायच्या थांबल्या. पदरानं डोळे पुसले, मग माझ्या अंगाकडे बघितलं. सदऱ्यावर ब्रेकचं तेल, केसांत खडीची धूळ.

"यो बसला ना आज?" त्या म्हणाल्या. "मंग झाला." आणि दगडूच्या ताटात आणखी एक भाकरी घातली.